आजून गावमाच शे

निकम मॅडम पहिल्या भेटीत कुणाला आवडल्या, असं मी तरी ऐकलेलं नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. मला स्वतःला त्या आवडायला वर्षाच्या वर लागलं, आणि मी तर त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहत होते.

देवपूरमधल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या, मी अर्थशास्त्र. स्टाफरूममध्ये त्यांना काही विचारलं की त्या आधी विचारणाऱ्याकडे बघायच्या, मग खिडकीकडे, मग टेबलावरच्या डस्टरकडे. विचारणारा कंटाळून तासाला निघाला की उत्तर यायचं. उत्तर अगदी नेमकं असायचं, पण ऐकायला समोर कुणी नसायचं. फोनवर तर मोठीच पंचाईत. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" करत राहायचा आणि इकडे मॅडम फोन कानाला लावून शांतपणे विचार करत बसलेल्या. लोक रेंज गेली समजून फोन ठेवून द्यायचे. आमच्या भागातल्या टॉवरला जेवढ्या शिव्या बसल्या, त्यातल्या निम्म्या तरी मॅडममुळे असाव्यात.

मी याच्या अगदी उलट. कादंबरी हातात आली की मी आधी शेवटचं पान वाचते. कुकरची शेवटची शिट्टी मला कधी वाट पाहून ऐकता आलेली नाही. त्यामुळे या बाईंच्या शेजारी टेबल मिळालं तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला होता.

वर्गातही तेच. अख्खा जून त्या पुस्तक उघडायच्या नाहीत. अकरावीच्या एकेका मुलीला उभं करून विचारायच्या, गाव कोणतं, गावाला जायचं कसं, वाटेत काय काय लागतं. साक्रीकडची मुलगी असली की साक्रीचा रस्ता, शिरपूरकडची असली की तापीचा पूल. आमचे प्राचार्य नाशिककडचे, घाईचे. ते जुलैत दारात येऊन विचारायचे, "मॅडम, पोर्शन कुठपर्यंत आला?" मॅडम खिडकी आणि डस्टर दोन्ही बघून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आजून गावमाच शे, सर." अजून गावातच आहे. प्राचार्यांना ती अहिराणीतली काही बोलायची रीत वाटली असणार. मान हलवून ते पुढे जायचे. हळूहळू ते वाक्य सगळ्या स्टाफरूमचं झालं. पेपर तपासून झाले का? आजून गावमाच शे. पाहुण्यांचं लग्न जमलं का? आजून गावमाच शे. हे गाव नक्की कोणतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मला ते कळलं बिबड्यांमुळे. उन्हाळ्यात मॅडम गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घालायच्या आणि राखण करत बसायच्या. मी कपडे वाळत घालायला गेले. सगळे कपडे घालून झाले, चिमटे लावून झाले, मी जिन्याकडे वळले, तेव्हा मागून आवाज आला, "कावळे फार झालेत यंदा. बसतेस का?" मी बसले. त्यानंतर त्या काहीही बोलल्या नाहीत. ऊन चढल्यावर मी उठले तेव्हा म्हणाल्या, "उद्या पण ये." असे काही दिवस गेले. मग एका रविवारी दुपारी त्यांनी मला घरात चहाला बोलावलं.

घरात टीव्ही चालू होता. पडद्यावर एक समुद्राकाठचं गाव. उतरत्या कौलांची घरं, वाळत टाकलेली जाळी, आणि केस सरळ उभे राहिलेला एक निळ्या डगल्यातला जपानी पोरगा डोक्यावर गोणी घेऊन उभा. त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव होतं, भिका.

"हा कोण?" मी विचारलं.

मॅडमनी गॅस बारीक केला, गवती चहा कातरून टाकला, कप पुसले, चहा गाळला आणि माझ्या हातात कप दिल्यावर म्हणाल्या, "भिका."

"आणि करतोय काय?"

"घरोघर मीठ वाटतोय."

झालं होतं असं की त्यांचा भाचा कुणाल इंजिनिअरिंगला असताना त्यांच्याकडे राहायचा. नोकरी लागून पुण्याला गेला तेव्हा गेम खेळायचं यंत्र इथंच ठेवून गेला. त्यात एक लांबलचक जपानी खेळ होता, तो त्यानं अर्ध्यावर म्हणजे खरं तर सुरुवातीलाच सोडलेला. "फुई, याच्यात काहीच होत नाही गं," तो म्हणाला होता, "कधीपासून नुसतं गावात हिंडवतात." खानदेशात आत्याला फुई म्हणतात. तर फुईंनी तो खेळ उचलला, कारण कुणी अर्ध्यावर टाकलेलं त्यांना बघवायचं नाही. पुढे कुणाललाच सांगून त्यांनी तसलेच आणखी मागवले. सगळे लांब, सगळे संथ, आणि प्रत्येक खेळात नायकाचं नाव भिकाच. आमच्याकडे नवसानं, उशिरा झालेल्या पोराचं नाव भिका ठेवतात. मी हसले तेव्हा त्या म्हणाल्या, "उशिरा येणाऱ्याचंच नाव आहे ते. याची गोष्ट सुरू व्हायलाच किती वेळ लागतो बघ."

खरंच लागायचा. त्या खेळांत पहिल्यांदा चालायला शिकवतात, मग वळायला शिकवतात, मग दार उघडायला. मग गावातल्या प्रत्येकाशी बोलायचं असतं. एकाची बकरी पळालेली असते, एकाची म्हातारी रुसलेली असते, सणाची तयारी चाललेली असते. तलवार हातात यायची तर सोडाच, ती कुठे आहे हेही कुणी सांगत नाही. पात्रं जपानीत बोलायची, खाली इंग्रजीत ओळी यायच्या, मॅडम त्या ओठांत वाचायच्या आणि मग मोठ्यानं अहिराणीत म्हणायच्या, कुणासाठी ते माहीत नाही. जपानी पाटील दाढी कुरवाळत विचारायचा, "कोठे चालना भो?" खिडकीतली बाई म्हणायची, "बठ्ठा गावले मीठ दिधं, मालेच इसरना का?" म्हणजे सगळ्या गावाला मीठ दिलंस, मलाच विसरलास का. माझी हसून पुरेवाट झाली. त्या खेळाचं ते गाव चोपड्याच्या बाजूला कुठंतरी सातपुड्याखाली वसलेलं आहे, अशी माझी खात्री पटली.

"अहो, पण लढाई कधी आहे?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. "आजून गावमाच शे."

तर ते गाव हे होतं. त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणायला लागले. त्यांचा धाकटा भाऊ म्हणायचा, म्हणून मीही.

मी वाद घालायची. एवढी रटाळ सुरुवात करून माणसं पळवायची कशाला? अक्कांचं उत्तर मला दुसऱ्या रविवारी मिळालं. "या खेळांत पहिलं गाव टिकत नाही," त्या म्हणाल्या. "एक तर जळतं, नाहीतर पोरगा बाहेर पडतो आणि वाट बंद होते. आता ज्यानं म्हातारीची बकरी शोधली नाही, त्याला ते गाव जळल्याचं काय वाटणार?" मी म्हटलं, "पण काही खेळ नुसतेच रटाळ असतील की." "असतात," त्या म्हणाल्या. "काही माणसंही असतात. पण तेही बसल्याशिवाय कळत नाही."

एकदा सकाळी त्या वाटीभर शिरा घेऊन खाली आल्या. चेहरा उतरलेला आणि हातात शिरा, असं मी पहिल्यांदाच बघत होते. "भिका पोचला," एवढं म्हणाल्या आणि वर गेल्या. माझा नवरा दाढी करता करता बाहेर आला. "कोण भिका? कुठे पोचला?" तोवर शेजारच्या काकूंकडे, दूधवाल्याकडे, सगळीकडे शिरा गेलेला होता. कॉलनीची समजूत झाली की भिका हा त्यांचा परदेशी गेलेला भाचा. पुढे कित्येक महिने दूधवाला विचारायचा, "भिकाभाऊचं बरं आहे ना तिकडे?" अक्का म्हणायच्या, "बरं आहे." त्या खेळाचा शेवट त्यांनी एकटीनं पाहिला होता. शेवटी खेळ बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकत राहतात, तीही त्यांनी सगळी वाचली होती. एवढ्या माणसांनी एवढं केलं आणि आपण नावं न वाचता उठायचं, हे त्यांना पटत नव्हतं. मग सांगायला कुणी नाही म्हणून शिरा केला, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

लग्न का केलं नाही, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, बिबडे उलटवता उलटवता. चोपड्याला त्यांच्या वडिलांच्या घरी बघायला येणारी माणसं यायची. पोहे यायचे. मुलगा विचारायचा, "स्वयंपाक येतो का?" आता हा प्रश्न अक्कांसारख्या बाईला विचारायचा म्हणजे! त्या खरोखर विचार करू लागायच्या. पुरणपोळी येते, पण मांडे नाही येत. कळण्याची भाकरी जमते, पण ती काही खाणाऱ्यानं ठरवायची. येतो म्हणावं की नाही? तोवर पोहे संपून पाहुण्यांचा चहा आलेला असायचा. एका ठिकाणी मुलाच्या मावशीनं त्यांच्या आईच्या कानाशी लागून विचारलं, "पोर बहिरी शे का काय?" आणि ते पसरलं. निकमांची पोर बहिरी. मग एकेका स्थळानं येऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाहून मोठ्यानं ओरडून प्रश्न विचारायला सुरुवात केली.

हे सांगताना त्या हसल्या. मीही हसले. मग आणखी एक बिबडा उलटवून त्या म्हणाल्या, "दहा मिनिटांत माणूस कळतो म्हणे. मला तर दहा मिनिटांत घसा साफ करणं होत नाही."

त्या पन्नाशी ओलांडल्यावर त्यांचा भाऊ रमेशभाऊ एक स्थळ घेऊन आला. रमेशभाऊ चोपड्याला केळी लावतात. ते कधी बसत नाहीत. दारातच उभे राहून, मोटरसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत बोलतात. मुरलीधरभाऊ म्हणून जळगावचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेला. "एक डाव बघाले येऊ दे त्यासले," रमेशभाऊ म्हणाले.

अक्कांनी खिडकी पाहिली, डस्टर नव्हता म्हणून उशी पाहिली. "बघायला नको," त्या म्हणाल्या. "बसायला येऊ दे."

आणि मुरलीधरभाऊ बसायला आले. पावसाळा सरला होता. जळगावहून सकाळच्या गाडीनं यायचे, हातात पिशवी, पिशवीत भरताची हिरवी लांबोडकी वांगी. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. पहिल्या रविवारी अक्कांनी मलाही वर बोलावून ठेवलं होतं. त्यांनी मुद्दाम एक नवाकोरा खेळ लावला होता, भिका या वेळी डोंगरातल्या गावात जन्मलेला. मुरलीधरभाऊंनी ऑफिसच्या मराठीत विचारलं, "आपण निवृत्त केव्हा होणार?" अक्का खिडकीकडे बघू लागल्या. मला वाटलं, आता हे विचारणार, ऐकू येतं ना? पण तो माणूस गप्प बसून राहिला. पडद्यावर भिका लाकडं गोळा करत होता, ते बघत राहिला. उत्तर आलं तेव्हा मान हलवून म्हणाला, "बरोबर."

नंतर मी जिन्यात त्यांना म्हटलं, "अक्का जरा सावकाश बोलतात." ते म्हणाले, "बाई, माझी नोकरी पाटावर गेली. वरून पाणी सोडलं तरी शेवटच्या शेतात पोचायला वेळ लागतोच. ओरडून ते लवकर येत नाही."

असे रविवार होळीपर्यंत चालले. मला खालून सगळं ऐकू यायचं. त्या डोंगरातल्या गावाची एक धून होती, बासरीसारखी, गोल गोल फिरून पुन्हा पहिल्यावर येणारी. ती माझ्या डोक्यात इतकी बसली की मी कणीक मळताना गुणगुणायची. आणि छतावरून हसण्याचा आवाज यायचा. इतक्या दिवसांत मी अक्कांना मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

एकदा त्या स्वतः होऊन खाली आल्या, न बोलावता, आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "आज काय झालं सांगू?" त्या गावात एक म्हातारी होती, तिची कोंबडी हरवलेली. खेळात ते काम केलं नाही तरी चालतं. अक्का पुढे निघाल्या होत्या. तेवढ्यात मुरलीधरभाऊ सोफ्याच्या कडेवरून पुढे सरकले. इतके दिवस "आपण", "आपले" करणारा माणूस एकदम बोलून गेला, "त्या म्हातारीले इचारा ना, कोंबडी सापडनी का?"

"आता बोल," अक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मीही हातातली लाटी खाली ठेवली. "माझ्याबरोबर वेशीपर्यंत कुणी आलेलं नाही गं कधी. कुणाल नाही, कुणी नाही. वेशीबाहेर काय आहे ते मी दर वेळी एकटीच बघते. एकदा कुणी शेजारी बसलेलं असताना बाहेर पडायचंय मला. बाकी काही नको."

म्हणजे लग्न नको होतं असं नाही. पण आधी हे हवं होतं.

आणि वेस आली. होळीनंतरचा रविवार. मी चहाला वर गेले होते. गावातली सगळी कामं झाली होती, सगळ्यांशी बोलून झालं होतं, कोंबडीही सापडली होती. भिका लाकडी वेशीपाशी येऊन उभा राहिला आणि पडद्यावर चौकट आली. बाहेर पडलास तर लवकर परत येता येणार नाही, जायचं का? खाली दोन शब्द. येस, नो.

मुरलीधरभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "येस."

"थांबा हो," अक्का म्हणाल्या, रिमोट छातीशी धरून. "इतक्यात नको दाबायला. जरा बघू तरी द्या."

"नही बाई, दाबानं नही. मी येस. गाडीना टाईम व्हयना."

अहिराणीत 'येतो' ला 'येस' म्हणतात. दोघं आधी एकमेकांकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली ती थांबेचनात. मुरलीधरभाऊंनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले. अक्कांनी भिकाला वेशीपाशीच झोपवलं. खेळ जतन करून बंद करण्याला त्या झोपवणं म्हणायच्या. "पुढच्या रविवारी दोघं मिळून," त्या म्हणाल्या. दारात चपला घालताना मुरलीधरभाऊंनी पुन्हा मुद्दाम म्हटलं, "येस बरं का, बाई." पुन्हा हसणं. अक्का नेहमीसारख्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. नातू आजारी होता, सुरतेला जावं लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला, जमेल तसं येतो. मग फोन येईनासा झाला, आणि अक्कांनी केलेला लागेनासा झाला. अक्का फोन कानाला लावून बसायच्या. या वेळी पलीकडे गप्प असणारं दुसरंच कुणी होतं.

उन्हाळ्यात रमेशभाऊ आले. या वेळी ते किल्ली फिरवत नव्हते. पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसले. मुलाला आणि सुनेला पसंत नव्हतं, मुरलीधरभाऊंनी जळगावचं घर भाड्यानं दिलं आणि ते सुरतेलाच राहायला गेले, एवढं त्यांनी सांगितलं. "नाही असं नाही म्हणाले ते," रमेशभाऊ चाचरत म्हणाले. "पण अक्का, आता नही येवाऊत त्या." ते आता येणार नाहीत.

अक्कांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "येतो म्हणालेत."

"अक्का, जातांना बठ्ठा असंच म्हनतस! 'जास' कोन म्हनस?"

"येतो," अक्का म्हणाल्या, वर्गात म्हणत तशा. "साधा वर्तमानकाळ आहे. भूतकाळ नाही."

रमेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलले, कारण तिथे उभं राहायला काहीतरी कारण हवं होतं. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला 'येतो' चा अर्थ मी सांगणार होते का? त्यांना तो माहीत होता. माहीत असूनही त्या शब्दाला धरून बसल्या होत्या, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष मी खालून ऐकलं. दर रविवारी दुपारी ती धून सुरू व्हायची. अक्का भिकाला उठवायच्या, वेशीपासून मागे फिरवायच्या आणि गावभर हिंडवायच्या. गावातल्यांची बोलणी संपलेली होती. अशा वेळी या खेळांतली माणसं तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात. म्हातारी प्रत्येक रविवारी सांगायची की कोंबडी सापडली, भलं होईल तुझं. पाटील प्रत्येक रविवारी विचारायचा, कोठे चालना भो. अक्का प्रत्येकाचं ऐकून घ्यायच्या आणि संध्याकाळी भिकाला पुन्हा वेशीपाशी आणून झोपवायच्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, मी बसते ना तुमच्या शेजारी. दाबा तुम्ही येस."

"तू दुसऱ्या खेळाला बस," त्या म्हणाल्या. "हा त्यांच्यासाठी राखलाय."

कॉलेजात त्या तशाच होत्या. फक्त स्टाफरूममध्ये कुणी "आजून गावमाच शे" म्हणून हसलं की त्या उठून तासाला जायच्या, तास नसला तरी. मला त्या वाक्याचा राग यायला लागला. ज्यांनी ते वाक्य उचललं होतं त्यांचाही, आणि सुरतेला जाऊन बसलेल्या माणसाचा तर फारच. पण अक्कांनी त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. एकदाच म्हणाल्या, "जातो म्हणायला हवं होतं त्यांनी. मला राग नसता आला."

यंदाच्या जूनमध्ये आमची जळगावला बदली झाली. माझी आणि नवऱ्याची, दोघांची एकदम, म्हणून सगळे अभिनंदन करत होते. सामानाचा टेम्पो सकाळीच पुढे गेला. रविवार होता. खालचं घर रिकामं झालं होतं आणि रिकाम्या घरात वरची धून आणखी स्पष्ट ऐकू येत होती. नवरा खाली गाडी पुसत होता. मी निरोप घ्यायला वर गेले.

अक्कांनी बिबड्यांचा डबा बांधून ठेवला होता. चहा झाला. पडद्यावर भिका वेशीपाशी उभा होता. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि मला घाई नव्हती, हे मला स्वतःलाच नवीन होतं. शेवटी मी उठले, वाकून नमस्कार केला आणि तोंड उघडलं. "ये..."

अक्कांनी हात वर केला.

"तू तरी खरं बोल," त्या म्हणाल्या.

आमच्या घरात तो खरा शब्द कुणी उंबऱ्यावर उच्चारला असता तर माझ्या आईनं तोंडावर मारलं असतं. जीभ वळेना. अक्का वाट बघत होत्या. वाट बघायची त्यांना सवयच होती, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे बघताना मला ती सवय असह्य वाटली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"जाते, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. कुठेच पाहिलं नाही. लगेच उत्तर दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"जा," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी खाली आले. बिबड्यांचा डबा मांडीवर घेऊन गाडीवर बसले. नवऱ्यानं किल्ली फिरवली आणि तेवढ्यात वरची धून मध्येच तुटली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थांब म्हटलं. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग दुसरंच काहीतरी सुरू झालं, ढोल असलेलं, रुंद, वाऱ्यासारखं. ते मी कधी ऐकलेलं नव्हतं.

वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती. आत खिडकीतून अक्कांचा पाठमोरा अंबाडा दिसत होता, टीव्हीकडे जरासा झुकलेला. शेजारी सोफा रिकामा होता.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "गाव सुटलं."

त्याला वाटलं, मी आमच्याबद्दल बोलतेय. त्यानं गाडी सुरू केली.